गुन्हेगाराचे हात नकोत, त्याची आठवण हवी: ग्रहाच्या संरक्षण यंत्रणेच्या दुरुस्तीविषयी

प्रश्न थोडक्यात असा. विज्ञानकथेत एका ग्रहाची संरक्षण यंत्रणा बिघडली आहे. बाहेरून धोका येतो आहे, हातात वेळ कमी आहे, आणि सरकार तुरुंगातल्या बदनाम गुन्हेगारांना बाहेर काढून दुरुस्तीचं काम त्यांच्यावर सोपवतं. लेखिका विचारते: हे वाचकाला पटेल का? अशा लोकांना काबूत कसं ठेवतात? गळ्यात स्फोटकाचा पट्टा बांधण्याची नेहमीची युक्ती वापरावी का?

मी बरीच वर्षं मोठ्या नियंत्रण यंत्रणांच्या सुरक्षेची तपासणी करतो. वीजकेंद्रं, पाणीपुरवठा, सिग्नल यंत्रणा, जिथे एक चुकीची आज्ञा गेली की माणसं मरू शकतात अशी ठिकाणं. त्यामुळे कथा कशी रंगवायची ते मी सांगू शकणार नाही, पण असं काम खरंच करायची वेळ आली तर काय चालेल आणि काय कोसळेल ते सांगू शकतो.

कथा पटेल. मात्र वाचक पहिल्याच पानावर विचारणार, की सरकारकडे प्रामाणिक इंजिनिअर नव्हते का? त्याचं उत्तर पक्कं हवं. ‘ते सगळे मारले गेले’ ही सोय झाली, उत्तर नव्हे. ‘गुन्हेगार जास्त हुशार असतात’ हे तर खरंच नाही. मी दोन्हीकडची माणसं पाहिली आहेत. सर्वसाधारण गुन्हेगार सर्वसाधारण इंजिनिअरपेक्षा हुशार नसतो. त्याच्याकडे एकच गोष्ट जास्तीची असते: आपण नेमकं काय केलं हे त्याला माहीत असतं आणि इतर कुणालाही माहीत नसतं. तुमची सगळी कथा या एका गोष्टीवर उभी करा. सरकारला त्याचे हात नको आहेत, त्याची आठवण हवी आहे.

यासाठी खऱ्या जगातलं एक उदाहरण देतो. 2009 मध्ये नासाचा ‘ऑर्बिटिंग कार्बन ऑब्झर्व्हेटरी’ हा उपग्रह आणि 2011 मध्ये ‘ग्लोरी’ हा उपग्रह, दोन्ही टॉरस एक्सएल रॉकेटवरून निघाले आणि कक्षेत पोचलेच नाहीत. दोन्ही वेळा रॉकेटच्या नाकावरचं आवरण वेळेवर सुटलं नाही. ते वजन अंगावर घेऊन रॉकेटला पुरेसा वेग गाठता आला नाही. पहिल्या अपघातानंतर चौकशी झाली, सुधारणा झाल्या, आणि दुसऱ्या वेळी पुन्हा तेच घडलं. पुढे उघड झालं, की आवरणाच्या सांध्यासाठी ॲल्युमिनियमचे भाग पुरवणाऱ्या कंपनीत धातूच्या ताकदीच्या चाचण्यांचे निकाल बदलून खोटी प्रमाणपत्रं दिली जात होती. हा प्रकार 1996 पासून जवळजवळ 19 वर्षं चालला. दोन्ही मोहिमा मिळून 70 कोटी डॉलरहून अधिक नुकसान झालं.

आता त्या चौकशी समितीच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. समितीतली माणसं प्रामाणिक आणि हुशार होती. पण त्यांच्यासमोर कागद होता, कागदावर सही होती, सहीखाली आकडा होता. कोणता आकडा खरा आणि कोणता बदललेला, हे फक्त बदलणाऱ्यालाच ठाऊक.

हेच ग्रहाच्या पातळीवर आणा. कक्षेत हजारो इंटरसेप्टर, म्हणजे येणारा धोका वाटेतच पाडणारी अस्त्रं आहेत, जमिनीवर रडार आहेत, आणि त्यांतल्या काही भागांत खोटा माल बसला आहे. सगळं उघडून तपासायचं तर कित्येक वर्षं लागतील. कोणत्या खेपेत भेसळ होती, हे एका माणसाच्या डोक्यात आहे, आणि तो जन्मठेप भोगतो आहे. अशी परिस्थिती असेल तर सरकार त्याच्या कोठडीचं दार उघडेलच. कुंपणानेच शेत खाल्लं होतं. आता कुठली रांग खाल्ली, हे कुंपणालाच विचारावं लागतं. ही कल्पना मुळीच अतिरंजित नाही. 2012 मध्ये अमेरिकी सिनेटच्या लष्करी समितीने संरक्षण सामग्रीतल्या बनावट इलेक्ट्रॉनिक भागांची चौकशी केली, तेव्हा सुमारे 1,800 संशयास्पद प्रकरणं आणि दहा लाखांहून जास्त सुटे भाग हाती लागले. जुन्या, भंगारात गेलेल्या चिपा घासून, त्यांच्यावर नवा क्रमांक छापून विकल्या जातात. बाहेरून त्या नव्याच दिसतात. चालतातही, आणि नेमक्या गरजेच्या वेळी, थंडीत किंवा कंपनांत, दगा देतात.

यंत्रणा ‘बिघडली’ म्हणजे नेमकं काय झालं, यावर तुम्ही सर्वांत जास्त वेळ घालवा असं मी सुचवेन. बहुतेक कथांत यंत्रणा स्फोटाने मोडते. खऱ्या संरक्षण यंत्रणा बऱ्याचदा शांतपणे मोडतात आणि मोडल्याचं कळत नाही. 5 ऑक्टोबर 1960 रोजी ग्रीनलंडमधल्या थुले इथल्या रडारने क्षेपणास्त्र हल्ल्याचा इशारा दिला. तो होता नॉर्वेवर उगवणारा चंद्र. 9 नोव्हेंबर 1979 रोजी नोरॅड या उत्तर अमेरिकेच्या हवाई संरक्षण केंद्राच्या पडद्यावर हजारो क्षेपणास्त्रं दिसली, कारण सरावासाठीची माहिती चालू यंत्रणेत गेली होती. 26 सप्टेंबर 1983 च्या रात्री सोव्हिएत उपग्रहांनी ढगांवरून परावर्तित झालेल्या उन्हाला अमेरिकेची क्षेपणास्त्रं समजून इशारा दिला. तो खोटा आहे हे स्तानिस्लाव पेत्रोव या अधिकाऱ्याने स्वतःच्या अंदाजावर ठरवलं. या तिन्ही वेळा यंत्रणेने नसलेला शत्रू दाखवला.

असलेला शत्रू न दिसण्याचं उदाहरण जास्त भयानक आहे, आणि ते मी जरा तपशिलात सांगतो, कारण तुमच्या कथेतला बिघाड असाच असावा. 25 फेब्रुवारी 1991, सौदी अरेबियातलं धाहरान. येणारी क्षेपणास्त्रं हवेतच पाडणाऱ्या अमेरिकी पॅट्रियट यंत्रणेचा संगणक वेळ सेकंदाच्या दहाव्या भागांत मोजायचा. पण एक दशांश हा अपूर्णांक संगणकाच्या द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त 0 आणि 1 वापरून, नेमका लिहिता येत नाही, त्याचे अंक संपतच नाहीत. 24 बिटांच्या जागेत बसवताना उरलेला भाग कापला जायचा. चूक केवढी? प्रत्येक ठोक्याला सुमारे 0.000000095 सेकंद. कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण ती तुकडी सलग 100 तास चालू होती. 100 तासांत असे 36 लाख ठोके पडतात, आणि साठलेली चूक 0.34 सेकंद होते. येणारं इराकी स्कड क्षेपणास्त्र सेकंदाला दीड किलोमीटरहून जास्त वेगाने जात होतं, म्हणजे तेवढ्या वेळात ते अर्धा किलोमीटरहून पुढे सरकलेलं. या चुकलेल्या वेळेनुसार रडारने पुढच्या क्षणी जिथे बघायचं तिथे बघितलं, तिथे काही नव्हतं, आणि संगणकाने लक्ष्य सोडून दिलं. 28 सैनिक ठार झाले. अशी चूक होते हे आधीच कळलेलं होतं. यंत्रणा ‘फार वेळ’ सलग चालवू नका अशी सूचनाही गेली होती, पण फार वेळ म्हणजे किती तास, ते त्यात लिहिलं नव्हतं. यंत्र अधूनमधून बंद करून चालू केलं असतं तरी निभावलं असतं. सुधारलेलं सॉफ्टवेअर धाहरानला पोचलं ते दुसऱ्या दिवशी, 26 तारखेला.

असा बिघाड कथेत आणलात की पात्रं आपोआप ठरतात. तो बिघाड कुणाला आधी दिसला असेल? मला तीन प्रकारची माणसं दिसतात. एक, खोटा माल पुरवणारा ठेकेदार, ज्याच्याविषयी वर लिहिलं. दोन, तस्कर. ज्याने आयुष्यभर रडारच्या नजरेआडून माल नेला त्याला त्या जाळ्यातली भोकं पाठ असतात. कोणत्या केंद्राचा कोणता कोपरा आंधळा आहे, पाळी बदलताना किती मिनिटं कुणी पडद्याकडे बघत नाही, हे कुठल्याही नकाशावर नसतं. तीन, आतला माणूस, ज्याने बिघाड आधीच पाहिला होता, वरिष्ठांना सांगितला होता, आणि कुणी ऐकत नाही म्हणून गुप्त कागद बाहेर दिले. कायद्याने तो गुन्हेगारच. त्याची शिक्षा पुरी होत आली आहे, आणि आता त्याला शिक्षा देणारेच त्याच्या दारात उभे आहेत.

या तिघांना ‘गुन्हेगार’ या एकाच पोत्यात भरू नका. पहिल्याने पैशासाठी माणसं मरू दिली. दुसऱ्याने कायदा मोडला, पण यंत्रणा मोडली नाही, तिचा फायदा घेतला. तिसऱ्याने कदाचित योग्यच केलं. तिघांना सारखीच वागणूक देणारं सरकार मूर्ख दिसेल, आणि तिघांतला फरक ओळखणारं एकच पात्र असेल तर कथेचा कणा तिथे मिळेल.

संगणकात घुसणारा हॅकर मी मुद्दाम यादीत घेतला नाही. तो हवाच असेल तर घ्या, पण त्याला जादूगार करू नका. आमच्याबरोबर एका तपासणीत असा एक जण होता, पूर्वी घुसखोरीसाठी शिक्षा भोगून आलेला. आम्ही त्याला संगणकांच्या जाळ्याचा आराखडा दिला. त्याने तो बाजूला ठेवला आणि देखभालीचं वेळापत्रक मागितलं. कोणत्या दिवशी कोणत्या ठेकेदाराची माणसं येतात, त्यांच्यासाठी कोणता मार्ग तात्पुरता उघडतात, आणि काम संपल्यावर तो बंद केल्याची नोंद कुठे असते. दोन मार्ग बंद केल्याची नोंदच नव्हती. ते दोन्ही उघडे सापडले. आम्हीही तिथवर पोचलो असतो, पण तो पहिल्या तासात पोचला, कारण त्याची नजर नेहमी दुर्लक्षित जागी जायची. कथेतला हॅकर असा दाखवा: अंधारात बोटं चालवणारा नको, हजेरीपट आणि नोंदवह्या वाचणारा हवा.

आता काबूत ठेवण्याचा प्रश्न. गळ्यातला पट्टा वापरू नका. भीतीखाली माणूस खड्डा खणेल, ओझं उचलेल. पण ज्या कामाचा दर्जा बाहेरून दिसत नाही, ते काम भीतीखाली करून घेता येत नाही. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने व्ही-2 रॉकेटं कोनश्टाइन डोंगराखालच्या बोगद्यांत मिटेलबाउ-डोरा छावणीच्या कैद्यांकडून बनवून घेतली. त्या छावणीत आणि तिच्या उपछावण्यांत सुमारे 60,000 माणसं आली आणि त्यांतली वीस हजारांच्या आसपास मेली. घातपाताच्या संशयावरून कैद्यांना बोगद्यात सगळ्यांसमोर फाशी दिलं जायचं. तरीही कैद्यांनी घातपात केलाच: सैल सांधा, कच्ची जोडणी. पहारेकऱ्याला जोडणी पक्की आहे की कच्ची हे डोळ्यांनी कळत नाही. ज्याला जगण्याची आशाच नाही, त्याला बिघडवण्यात गमवायचं काही नसतं. ती माणसं गुन्हेगार नव्हती, गुलाम होती, हे इथे विसरून चालणार नाही. मी उदाहरण देतो ते फक्त एवढ्यासाठी, की इतकी टोकाची दहशतही एका सांध्याची खात्री देऊ शकली नाही.

त्याच काळात सोव्हिएत संघात दुसरा प्रकार चालू होता. विमानांचे आघाडीचे रचनाकार आंद्रेई तुपोलेव यांना 1937 मध्ये अटक झाली, रॉकेट इंजिनिअर सर्गेई कोरोल्योव यांना 1938 मध्ये. आरोप खोटे होते. कोरोल्योव कोलिमाच्या सोन्याच्या खाणीत पोचले, तिथे त्यांचे दात गेले, प्रकृती कायमची ढासळली. पुढे कैद्यांचीच रचनाकार्यालयं उभी झाली, त्यांना ‘शराश्का’ म्हणत. तुपोलेव यांना आपल्याला कोणकोण हवे याची नावं द्यायला सांगितलं गेलं. त्या नावांत कोरोल्योव होते, आणि ते वाचले. या कैदी-कार्यालयातून तु-2 हे बॉम्बफेकी विमान निघालं आणि ते उत्तम निघालं.

इथे काम का झालं? जेवण, ऊब, कागद-पेन्सिल आणि बरोबरीच्या माणसांची सोबत मिळाली म्हणून एक, आणि दुसरं म्हणजे त्या लोकांना ते काम मनापासून हवं होतं. विमान नीट उडावं असं त्यांना स्वतःला वाटत होतं. मी या व्यवस्थेचं समर्थन करत नाही. ती क्रूर होती आणि कोरोल्योव यांच्यावरचा डाग पुरता पुसला गेला तो थेट 1957 मध्ये, स्पुटनिक अवकाशात गेलं त्याच वर्षी. पण तुमच्या कथेसाठी यात एक सुंदर प्रसंग पडलेला आहे: नावांची यादी. पहिल्या कैद्याला विचारलं जातं, तुला कोण हवं? तो ज्याचं नाव घेईल तो जगेल, न घेईल तो तिथेच राहील. गळ्यातल्या पट्ट्यापेक्षा हा कागद किती जड आहे बघा.

म्हणजे मऊपणाने वागवलं की झालं का? तेही नाही. अल्बर्ट गोन्झालेझ या हॅकरचं नाव आमच्या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे. 2003 मध्ये पकडला गेल्यावर तो अमेरिकेच्या सिक्रेट सर्व्हिसचा खबऱ्या झाला, त्याच्या मदतीने 2004 मध्ये बँक कार्डांचे क्रमांक चोरणाऱ्यांची मोठी टोळी पकडली, त्याला वर्षाला 75,000 डॉलर मिळत होते. आणि त्याच काळात तो स्वतः कोट्यवधी कार्डांचे क्रमांक चोरत होता. 2010 मध्ये त्याला 20 वर्षांची शिक्षा झाली. त्याला पैसा, मान, विश्वास सगळं मिळालं होतं. चूक झाली ती वेगळ्या ठिकाणी: त्याच्या रिकाम्या वेळेवर आणि त्याच्या स्वतःच्या संगणकावर कुणाचीच नजर नव्हती.

माझं मत स्पष्ट आहे. माणसावर विश्वास ठेवायचा की नाही, हा प्रश्नच कामाच्या रचनेतून काढून टाकायचा. कैद्यांनी चालू यंत्रणेला कधीही हात लावायचा नाही. त्यांना तिची हुबेहूब प्रतिकृती द्यायची, बाहेरच्या जगाशी कसलाच संबंध नसलेली. ते तिथे दुरुस्ती शोधतील आणि लिहून देतील. ती तपासून खऱ्या यंत्रणेत बसवणारे हात वेगळ्याच माणसांचे. अण्वस्त्रांच्या बाबतीत हे तत्त्व जुनं आहे: क्षेपणास्त्र सोडण्याच्या दोन किल्ल्या एका माणसाचे हात पोचणार नाहीत इतक्या अंतरावर ठेवतात, म्हणजे एकटा कितीही बिथरला तरी काही करू शकत नाही.

पण इथेच खरी गाठ पडते, आणि लेखिकेला माझी विनंती आहे की ही गाठ टाळू नये. तपासणार कोण? दुरुस्ती समजण्याइतकं ज्ञान प्रामाणिक माणसांकडे असतं, तर गुन्हेगारांना बोलावलंच नसतं. या अडचणीचं सर्वांत टोकदार रूप संगणकशास्त्रज्ञ केन टॉम्पसन यांनी 1984 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, संगणकशास्त्रातल्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात दाखवलं होतं. कंपायलर, म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत बदलणारा प्रोग्राम, यातच चोरवाट लपवता येते, आणि तो कंपायलर स्वतःची पुढची आवृत्ती बनवताना ती चोरवाट पुन्हा आपोआप घालतो. मूळ मजकुराची ओळन्‌ओळ वाचली तरी त्यात काहीच सापडत नाही. म्हणजे नुसतं वाचून खात्री होत नाही.

तरी मार्ग आहेत, आणि ते कथेसाठी फार उपयोगाचे आहेत. पहिला आधार हा, की उत्तर शोधण्यापेक्षा उत्तर पडताळणं बरंच सोपं असतं. पॅट्रियटच्या घड्याळातली चूक शोधायला कसलेला माणूस लागतो. ती चूक आहे हे एकदा सांगितल्यावर कुणीही गुणाकार करून बघू शकतो. कैदी शोधतील, तरुण प्रामाणिक इंजिनिअर पडताळतील. दुसरा मार्ग: एकच काम एकमेकांशी न पटणाऱ्या दोन गटांना वेगवेगळं द्यायचं, आणि दुसऱ्याच्या दुरुस्तीत लपवलेली चोरवाट जो शोधेल त्याची शिक्षा कमी करायची. चोराच्या मनात चांदणं असतंच, एका चोराने माल कुठे लपवला असेल हे दुसरा बरोबर हेरतो. टॉम्पसन यांच्या कोड्यालाही असाच तोडगा निघाला. डेव्हिड व्हीलर यांनी दाखवलं, की संशयित कंपायलरचा मूळ मजकूर दुसऱ्या, अगदी स्वतंत्र कंपायलरमधून काढायचा, त्यातून जे निघेल त्याने तोच मजकूर पुन्हा बदलायचा, आणि शेवटी निघालेला प्रोग्राम संशयित कंपायलरशी बिट-बिट ताडून पाहायचा. दोन्हीकडे तीच चोरवाट असण्यासाठी दोघांनी संगनमत केलेलं असावं लागतं.

प्रत्यक्षात हे कसं दिसतं? एक इंजिनिअर टेबलाशी बसलेली आहे. एका पडद्यावर प्रोग्रामचा जुना मजकूर, दुसऱ्यावर नवा, बदललेल्या ओळी रंगवलेल्या. घड्याळाची दुरुस्ती म्हणून दहा ओळी पुरायला हव्यात आणि चौदा आल्या आहेत. ती त्या जास्तीच्या चार ओळींवर थांबते. त्या वाईट दिसत नाहीत, उलट नीटनेटक्या आहेत, एक जुना खड्डा बुजवताहेत. पण मागितल्या नव्हत्या. नियम असा की न मागितलेली एकही ओळ आत जाणार नाही, कितीही चांगली असो. ती परत पाठवते. पलीकडचा कैदी चिडतो, कारण त्याने खरंच भलं केलं होतं, किंवा निदान तसं दाखवतो. माझ्या मते तुमच्या कथेची नायिका ही मुलगी आहे. सगळ्या ग्रहाचा भार तिच्या वाचण्यावर आहे, आणि तिला झोप मिळत नाही.

काही गोष्टी मात्र कैद्यांना प्रतिकृतीतही दाखवू नयेत: नेम धरण्याचा आणि सोडण्याचा भाग. संरक्षण यंत्रणा नुसती ढाल कधीच नसते. 26 सप्टेंबर 2022 रोजी नासाच्या डार्ट यानाने डिमॉर्फस या सुमारे 160 मीटरच्या लघुग्रहाला धडक दिली आणि त्याची मोठ्या जोडीदार लघुग्रहाभोवतीची 11 तास 55 मिनिटांची प्रदक्षिणा अर्ध्या तासाहून जास्त कमी झाली. दगड ढकलता येतो हे सिद्ध झालं. पण त्याच्या कितीतरी आधी, 1994 मध्ये, कार्ल सेगन आणि स्टीव्हन ऑस्ट्रो या खगोलशास्त्रज्ञांनी धोक्याची सूचना दिली होती, की ज्याला ग्रहावर येणारा दगड बाजूला सारता येतो, त्याला बाजूने जाणारा दगड ग्रहावर आणताही येतो. तुमच्या ग्रहाची यंत्रणा लघुग्रहांसाठी असो की शत्रूच्या ताफ्यासाठी, हे तिलाही लागू आहे.

मोबदल्याविषयी थोडक्यात, पण ते हलकं घेऊ नका. न्यूयॉर्कच्या बंदरात ‘नॉर्मंडी’ हे जहाज 9 फेब्रुवारी 1942 रोजी जळालं. वेल्डिंगच्या ठिणग्या जीवरक्षक जाकिटांच्या ढिगावर पडल्या होत्या, पण तेव्हा घातपाताचा संशय घेतला गेला. बंदरावर ज्यांचं राज्य होतं त्या टोळ्यांकडे नौदलाचं गुप्तहेर खातं गेलं आणि 30 ते 50 वर्षांची शिक्षा भोगणाऱ्या लकी लुसियानो या माफिया टोळीप्रमुखापर्यंत पोचलं. त्याला जरा बऱ्या तुरुंगात हलवलं. 1946 मध्ये त्याची शिक्षा माफ करून त्याला इटलीला पाठवलं, आणि माफीवर सही केली ती त्याला शिक्षा मिळवून देणाऱ्या थॉमस ड्युई यांनीच, तेव्हा ते गव्हर्नर होते. नौदल मात्र नंतर बराच काळ हा व्यवहार नाकबूल करत राहिलं. तुमच्या कैद्यांनी अशा गोष्टी ऐकलेल्याच असणार. म्हणून ते तोंडी शब्दावर काम करणार नाहीत. करार लेखी हवा, टप्प्याटप्प्याने फळ देणारा हवा, आणि त्याची प्रत सरकारच्या हाताबाहेरच्या कुणाकडे तरी हवी. सरकार पहिला छोटा टप्पा वेळेवर पाळतं का, यावर कैदी खरी माहिती किती देतात ते ठरतं. ठेकेदार आधी दोनच खेपांचे क्रमांक सांगेल, आणि वाट बघेल.

आणि त्या ठेकेदाराच्या मालामुळे ज्यांची माणसं गेली त्यांना हे आधी सांगितलं पाहिजे. बातम्यांतून कळता कामा नये. त्यांची परवानगी मागावी असं मी म्हणत नाही, कारण ‘नको’ म्हणण्याचा भार त्यांच्यावर टाकणं हा आणखी एक अन्याय होईल. पण काय दिलं जातंय आणि बदल्यात काय मिळतंय, हे त्यांच्यासमोर बसून सांगायला मोठ्या पदावरचा माणूस गेला पाहिजे. कथेत हा प्रसंग वगळलात तर सुटकेचं दृश्य पोकळ वाटेल.

काम संपल्यावर त्यांचं काय करायचं, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण सरकारातला कुणीतरी नक्की म्हणणार की यांना आता फार माहिती झाली आहे, जिवंत सोडणं धोक्याचं आहे. याला उत्तर दुरुस्तीतच आहे. आंधळे कोपरे बुजवले असतील, खोट्या खेपा बदलल्या असतील, सगळ्या किल्ल्या आणि संकेत नव्याने काढले असतील, तर तस्कराचा नकाशा आणि ठेकेदाराची यादी यांची किंमत उरत नाही. त्यांची माहिती अजूनही धोक्याची वाटत असेल, तर त्याचा अर्थ दुरुस्ती अपुरी आहे, आणि त्या मुलीने अजून काही तपासायचं राहिलं आहे. सुटकेची तारीख म्हणूनच दुरुस्तीच्या तारखेला बांधू नका. शेवटची किल्ली बदलल्याची नोंद पडेल, तेव्हा दार उघडा.